गुरुवारची मावशी

त्या शहरात येऊन आठ महिने झाले, तरी बाइंडरणीच्या दारावर येऊन हाक मारणारं कुणी नव्हतं. नवरा सकाळी सहाला कारखान्यात जायचा, लेक आठला शाळेत, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत उरायची ती आणि फ्रिजची घरघर. दुकानात गल्ल्यावरची मुलगी "पिशवी हवी?" म्हणून विचारायची, तेवढंच काय ते दिवसभरातलं तिच्या वाट्याचं बोलणं. एकदा तर हातात पिशवी असूनही ती "हो" म्हणाली. निदान मुलीनं मान वर करून बघितलं तरी.

तिचा नवरा शीतगृहांचा मेकॅनिक. भाज्या गोठवून पाकिटांत भरणारा एक मोठा कारखाना त्या शहरात होता. शहर मध्यम, ना धड मोठं ना धड लहान. तिथली पोरं शिकली की महानगराची गाडी धरायची आणि मागं वळून बघायची नाहीत. मशीनं सांभाळायला माणूस मिळेना, तेव्हा कंपनीनं लांबलांबून माणसं आणवली. दोन वर्षांचा करार, आणि नोकरीबरोबर कंपनीच्या इमारतीत घर. नवरा नाकासमोर चालणारा, कामात वाघ आणि बोलण्यात कंजूष. लेक दहा वर्षांची, तिला सगळे ठकी म्हणत. ठकीला पंधरा दिवसांत तीन मैत्रिणी झाल्या.

"मुलांचं बरं असतं," बाइंडरीण नवऱ्याला म्हणायची. "चेंडू फेकला की ओळख झाली. आपण काय फेकायचं?"

"होईल हळूहळू," तो म्हणायचा आणि जेवायला लागायचा.

वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात ती लहानाची मोठी झाली होती. तिथं दिवसभर माणसांचा राबता. वकिलांचे कारकून, परीक्षेच्या घाईतली मुलं, फाटकी पोथी छातीशी धरून येणारे म्हातारे. हातानं पानं शिवता शिवता तोंडानं गप्पा चालायच्या. लग्नानंतरही दुपारी चार तास ती तिथं बसायची. त्यामुळं हात रिकामे आणि तोंड बंद, हे तिला जन्मात कधी माहीत नव्हतं. त्यात आल्यावर चौथ्याच महिन्यात तिच्या पोटातलं बाळ गेलं. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आली, जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या माणसानं दार किलकिलं करून बघितलं आणि लावून घेतलं. बाळाबद्दल नवरा एक शब्द बोलला नाही. तिनंही काढला नाही. ते तसंच दोघांच्या मधे राहिलं.

मग पालिकेचं पत्र आलं. 'नवा शेजार' नावाची योजना होती. बाहेरून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला शहरातला एक सोबती मिळणार, आठवड्यातून एकदा भेटायचं, शहर दाखवायचं, ओळखीपाळखी करून द्यायच्या. तिच्या जिवावर आलं होतं. नवराच म्हणाला, "जाऊन तर बघ. नाही पटलं तर सोडून दे."

पालिकेच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. एकीकडे नवे आलेले, दुसरीकडे सोबती व्हायला तयार झालेले. लग्न जुळवायच्या मेळाव्यात बसल्यासारखी सगळी अवघडून बसली होती. जो तो येऊन तिला एकच विचारायचा, "कुठून आलात?" आणि तिनं सांगितलं की "हो का, लांब आहे," म्हणून पुढं सरकायचा. मग एक उंच, किडकिडीत बाई सायकलची टोपी डोक्यावर तशीच ठेवून आत आली. उशीर झाला म्हणून कुणाची माफी न मागता थेट तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुम्हाला काय येतं?"

"काय येतं म्हणजे?"

"म्हणजे हाताला. मला तार करता यायची. आता तार गेली. तुम्हाला?"

"बाइंडिंग येतं," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

ती बाई बत्तीस वर्षं पोस्टात होती. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा महानगरात, महिन्यातून एकदा फोन करणारा. गुरुवार ठरला. पहिल्या गुरुवारी ती सायकलच्या टोपलीत वह्यांचा गठ्ठा घालून आली. ती एका गायनमंडळात होती आणि त्या मंडळाच्या गाण्यांच्या चाळीस वह्या पार खिळखिळ्या झाल्या होत्या. पानं गळत होती, पुठ्ठे लोंबत होते.

"यांचं काही होईल का?"

बाइंडरणीनं एक वही उचलली, कण्यावरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "कुणी शिवल्यात या? बूट शिवणाऱ्यानं?"

त्या महिन्यात स्वयंपाकघराच्या टेबलाचं दुकान झालं. दाभण, मेण लावलेला दोरा, खळीचं भांडं, दोन फळ्या आणि त्यांच्यावर वजनाला ठेवलेली इस्त्री. वहीचा कणा गोल करायला हातोडीचे हलके ठोके मारावे लागतात. ते सुरू झाले की खालच्या मजल्यावरचा तो दार लावून घेणारा ट्रकवाला झाडूचा दांडा छताला बडवायचा. ठकीनं त्याचं नाव दांडकेकाका ठेवलं. पोस्टातली बाई खुर्चीत बसून हसायची, दोऱ्याला मेण लावून द्यायची आणि शहरातल्या प्रत्येक गल्लीची कुळकथा सांगायची.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी बाइंडरीण म्हणाली, "मी तुम्हाला मावशी म्हणू का? बाई बाई म्हणायला परकं वाटतं."

बाईनं हातातला दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला कुणी अजून मावशी म्हटलेलं नाही. बहीणच नाही मला. म्हण."

मावशीनं तिचं बोट धरलं ते खरंच. चाळीस वह्या घेऊन दोघी गायनमंडळात गेल्या, तेव्हा मास्तरांनी प्रत्येक वही उघडून, हलवून बघितली आणि एक पान गळलं नाही तेव्हा टाळ्या वाजवल्या. तिला गळा बेताचाच होता, तरी पहिल्या रांगेत उभं केलं. तिथं शाळेतली एक शिक्षिका भेटली, तिनं ग्रंथालयात नेलं. ग्रंथालयानं फाटकी पुस्तकं पाठवायला सुरुवात केली. वर्षभरात अशी वेळ आली की बाजारात भाजी घ्यायला गेलं तर चार ठिकाणी थांबावं लागायचं. "काय बाइंडरीणबाई, आमचा शब्दकोश कधी?" घरी यायला उशीर व्हायचा, आणि त्या उशिराचं तिला केवढं कौतुक!

आणि गुरुवार होताच. काम असो नसो, मावशी यायची, नाहीतर दोघी नदीच्या कडेनं चालत जायच्या. एका गुरुवारी चालता चालता तिनं बाळाचं सांगितलं. नवऱ्यापाशीही जे बोलता आलं नव्हतं, ते सगळं. मुलगी होती, हे सुद्धा. मावशीनं समजूत घातली नाही की देवाची इच्छा म्हटलं नाही. बाकावर बसवलं, आणि तिचं रडून होईपर्यंत तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर तिला वाटलं, छातीवरची फरशी कुणीतरी उचलून बाजूला ठेवली.

करार संपायला दोन महिने राहिले असताना नवऱ्यानं एका रविवारी सकाळी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. महानगरात एका मोठ्या दवाखान्याला औषधांच्या थंड खोल्या सांभाळायला माणूस हवा होता. त्याचा थोरला भाऊ तिथंच राहत होता, आई भावाकडं होती, थकली होती. त्यानं अर्ज केला होता, फोनवर मुलाखतही झाली होती.

"मला विचारलं नाहीत ते?" ती म्हणाली.

"अजून कशात काही नाही. झालं तर बोलू. पण एक लक्षात ठेव, याचा तोंडातून ब्र काढायचा नाही. इथं मला मुख्य मेकॅनिक करायचं चाललंय. त्यांना वास लागला तर हेही जाईल आणि तेही. कुणाला म्हणजे कुणाला नाही."

"नाही हो सांगत."

चार दिवस तिनं ते पोटात ठेवलं. सासूचं खरं होतं, दिराचं खरं होतं, नवऱ्याचंही चुकत नव्हतं. पण मोठ्या मुश्किलीनं लागलेलं रोप उपटून पुन्हा दुसऱ्या कुंडीत लावायचं, या विचारानं तिला धडकी भरत होती. पुन्हा ती गल्ल्यावरची मुलगी, पुन्हा ती फ्रिजची घरघर. गुरुवारी मावशी आली आणि दोऱ्याला मेण लावायला बसली. तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, काय झालंय?"

एवढं पुरलं. तिनं सांगून टाकलं. सांगताना मनात म्हणाली, या बाईच्या हातांतून बत्तीस वर्षं लोकांची पत्रं गेली, हिच्याइतकं कोण विश्वासाचं.

मावशीचा हात मेणावर थांबला. "म्हणजे तुम्ही जाणार?"

"मला नाही जायचं, मावशी. पण त्यांच्या आईचं बघायला नको का? अजून काही नक्की नाही. तुम्ही कुणाला बोलू नका. यांना कळलं मी सांगितलं, तर जीव घेतील माझा."

"माझ्यापाशी राहील," मावशी म्हणाली. मग दोरा ओढत राहिली. त्या दिवशी ती अर्धा तास लवकर निघाली. बाइंडरणीला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं असेल.

त्यानंतर बारा दिवसांनी, भर दुपारी, नवरा घरी आला. त्या वेळी तो कधी घरी येत नसे. अंगात कारखान्याचा जाड कोट तसाच होता. खुर्चीवर बसला आणि टेबलावरच्या अर्धवट शिवलेल्या पुस्तकाकडं बघत राहिला.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"करार वाढवणार नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सहा आठवड्यांत घर सोडायचं. मॅनेजरनं बोलावलं होतं. म्हणाला, तुमचं कुटुंब शहर सोडण्याच्या विचारात आहे असं आम्हाला समजलंय. ज्याला जायचंच आहे त्याला आम्ही मुख्य मेकॅनिक कशाला करू? म्हणाला, लपवायला नको होतं, आम्ही तुम्हाला घरचं मानत होतो." तो थांबला. "आणि दवाखान्यानं काल कळवलंय. त्यांनी दुसरा माणूस घेतला. मी तुला आज सांगणार होतो."

तिनं हातातलं दाभण खाली ठेवलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "त्यांना कुणी सांगितलं?"

"तेच मी सकाळपासून शोधतोय. भावाला मी सांगितलं. भाऊ इथं कुणाला ओळखत नाही. कारखान्यात मी कुणाला बोललो नाही." त्यानं मान वर केली, आणि तिचा चेहरा बघून त्याला पुढं विचारावं लागलं नाही.

"मी मावशींना बोलले होते," ती म्हणाली. "पण मावशी नाही सांगणार. दुसरं कुणीतरी असेल. मावशी नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, कोट काढून खुंटीला लावला, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, पुसले. मग तिच्याकडं पाठ करूनच म्हणाला, "बारा वर्षांत मी तुला एकच गोष्ट कुणाला सांगू नको म्हटलं होतं."

त्या दिवसापासून तो तिच्याशी ठकीमार्फत बोलायला लागला. "ठके, आईला सांग, मला जेवायला नको."

दुसऱ्या दिवशी ती पालिकेत गेली. 'नवा शेजार' सांभाळणारी मुलगी हसतमुख होती, तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. बाइंडरणीनं विचारलं, "आमच्याबद्दल कंपनीला कुणी काही कळवतं का?"

"कळवत असं नाही," मुलगी म्हणाली. "सोबती दर महिन्याला एक फॉर्म भरतात. कुटुंब कसं रुळतंय, काही अडचण आहे का. समितीपुढं ते सगळे फॉर्म जातात. तुमचीच फाइल आहे, बघायची तर बघा की."

"समितीवर कोण असतं?"

"पालिका, शाळा, दवाखाना. आणि कंपनी. योजना त्यांच्याच तर मदतीवर चालते. माणसं टिकावीत म्हणून."

चौदा फॉर्म होते. पोस्टातल्या माणसाचं अक्षर, एकसारखं, कुठं खाडाखोड नाही. पहिल्यावर लिहिलं होतं, 'हुशार, हातात कला. एकटी पडली आहे.' तिसऱ्यावर, 'मला मावशी म्हणू लागली आहे. विश्वास बसत चालला आहे.' सहाव्यावर, 'गेल्या वर्षी मूल गेलं. नवऱ्याशी त्याबद्दल बोलणं नाही. बाईंना सध्या लहान मुलांच्या कार्यक्रमांना बोलावू नये.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. नदीकाठचा तो बाक, मावशीच्या मांडीवरचा आपला हात, आणि खाली पालिकेचा शिक्का. म्हणजे शाळेतल्या शिक्षिकेला ठाऊक होतं. कंपनीच्या मॅनेजरला ठाऊक होतं. नवऱ्यापाशी जे तिला उच्चारता आलं नाही, ते टेबलाभोवती बसून चहा पिता पिता कुणीतरी वाचून पुढं सरकवलं होतं.

शेवटच्या फॉर्मवर तळाला प्रश्न होता, 'कुटुंब शहरात राहील असं वाटतं का?' आधीच्या तेरा फॉर्मवर तिथं 'हो' होतं. चौदाव्यावर लिहिलं होतं, 'नवऱ्यानं महानगरात अर्ज केला आहे. बाईंची जाण्याची इच्छा नाही. कंपनीनं लवकर लक्ष घालावं.'

"ताई, काही चुकीचं आहे का त्यात?" मुलीनं काळजीनं विचारलं. "दुरुस्त करता येतं."

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

मावशीचं घर पोस्टाच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडंच असायचं. मावशी ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होती. तिला बघून म्हणाली, "अगं, आज गुरुवार नाही ना?" आणि मग तिच्या डोळ्यांकडं बघून फडकं खाली ठेवलं.

"यांची नोकरी गेली," बाइंडरीण म्हणाली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. "घरही चाललं. मी पालिकेत जाऊन फाइल वाचली."

मावशी खुर्चीवर बसली. "नोकरी गेली? असं कसं? मला वाटलं ते थांबवून घेतील. पगार वाढवतील, मुख्य मेकॅनिकचं लगेच करून टाकतील. माणूस जायला निघाला की त्याला धरून ठेवायचं, यासाठीच तर तो प्रश्न असतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, कंपनी वाचते."

मावशी खोटं बोलली नाही. "हो," ती म्हणाली. "माहीत होतं, म्हणूनच लिहिलं."

"मी तुम्हाला कुणाला बोलू नका म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, माझ्यापाशी राहील."

"म्हणाले मी."

"मग मला विचारायचं तरी होतं! मावशी, असं लिहू का, एवढं विचारायला काय जात होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

बाइंडरणीला वाटलं होतं, इथं येऊन आपण मोठ्यानं भांडू. पण ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "आणि माझं बाळ?" ती म्हणाली. "ते कशासाठी लिहिलं? त्यानं कोण थांबणार होतं?"

"शाळेत बालवाडीच्या समारंभाला तुला मदतीला बोलावणार होते. तुला त्रास होऊ नये म्हणून मी..." मावशी खुर्चीवरून उठली. मग ती अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं. शहराचं मला काही पडलेलं नाही. माझा मुलगा गेला, शेजारची गेली, माझ्याबरोबर पोस्टात होत्या त्यांतली एक उरली नाही. मग तू आलीस. मी माझ्यासाठी लिहिलं ते. माझ्या गुरुवारासाठी."

हे ऐकल्यावर एखादीला पाझर फुटला असता. बाइंडरणीलाही आत कुठंतरी हललं. पण त्याहून मोठा राग वर आला. "म्हणजे माझा नवरा, माझं घर, माझं मूल, सगळं तुमच्या एका वारावरून ओवाळून टाकलंत, बाई," ती म्हणाली. 'बाई' हा शब्द दोघींनीही ऐकला. मावशीनं मान खाली घातली. बाइंडरीण पायऱ्या उतरून निघून गेली.

त्या आठवड्यात गायनमंडळातही बातमी पोचली होती. ती गेली तेव्हा मास्तर सौजन्यानं पण लांबून बोलले. "कळलं आम्हाला. तुम्ही निघालात म्हणे. आम्हाला वाटलं होतं, तुम्ही आमच्या झालात. सांगायचं तरी होतं." शिक्षिकेनंही नजर चुकवली. ती सांगायला गेली, की आम्ही निघालो नव्हतो, आम्हाला काढलंय. पण कुणाला कसं समजवायचं! तिच्या जागी पहिल्या रांगेत दुसरी उभी होती. ती पाठीमागं उभी राहून दोन गाणी गायली आणि वही कपाटात ठेवून घरी आली. शहराला वाटत होतं हिनं दगा दिला, नवऱ्याला वाटत होतं हिनं दगा दिला, आणि जिनं दिला ती सायकल काढून त्याच रस्त्यांवरून फिरत होती. रस्त्यात सायकलची घंटा ऐकली की बाइंडरीण दुकानात शिरायची.

घरं बघायला सुरुवात झाली. 'नोकरी कुठं?' या पहिल्याच प्रश्नाला गाडं अडायचं. एका संध्याकाळी ती ग्रंथालयाची शेवटची पुस्तकं संपवायला बसली होती. ठोके सुरू झाले आणि खालून दांडा वाजला नाही. त्याऐवजी दारावर थाप पडली. दांडकेकाका दारात उभा होता. कपाळाला आठ्या, हातात एक जाडजूड, कडा उसवलेली वही.

"हे शिवता येईल का?" तो म्हणाला. "गाडीची आहे. कुठला माल कुठं उतरवला, सगळं यात आहे." मग आत डोकावून, खोलीत बांधून ठेवलेली खोकी बघितली. "खोली सोडताय?"

"सोडायला लावलीय," ती म्हणाली. का कोण जाणे, पण पुढं काही सांगायची तिची हिंमत होईना. माणूस समोर उभा राहून ऐकतोय म्हटलं की आता भीतीच वाटायची.

त्यानंही खोदून विचारलं नाही. "तुमचे मालक थंड मशीनं दुरुस्त करतात ना?"

"हो."

"आमच्या गॅरेजात थंड गाड्या येतात. मागची पेटी गार होत नाही म्हणून माल सडतो, आणि गॅरेजवाला नुसता डोकं खाजवतो. विचारून बघा म्हणावं. वर दोन खोल्याही आहेत. ऐसपैस नाहीत, आधीच सांगतो." एवढं बोलून तो वही टेबलावर ठेवून गेला. जाता जाता जिन्यातून म्हणाला, "आणि ठोके जरा सकाळचे मारत जा. मी सकाळी झोपलेला नसतो."

नवरा गॅरेजात गेला, पहिल्याच दिवशी दोन गाड्या गार करून दिल्या, आणि राहिला. काम कारखान्यापेक्षा हलकं नव्हतं, मान मात्र कमी होता. मुख्य मेकॅनिक व्हायला निघालेला माणूस गाडीखाली सरपटत जायचा. खोल्यांत डिझेलचा वास भरलेला असायचा आणि ठकीला शाळा लांब पडायची. पण डोक्यावर छप्पर होतं. सासूला बघायला तो तीन दिवस एकटाच जाऊन आला.

मावशीचं एक पत्र आलं. पोस्टानं, तिकीट लावून, गल्ली दोन मैलांवर असून. त्यात तिनं योजनेचं काम सोडल्याचं लिहिलं होतं, मॅनेजरला भेटून आपली चूक सांगितल्याचं आणि त्याचा काही उपयोग न झाल्याचं लिहिलं होतं. माफी मागितली होती, पण ये म्हटलं नव्हतं. बाइंडरणीनं ते दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसली, 'मावशी' लिहावं की 'बाई' तिथंच अडली, आणि कागद बाजूला ठेवला तो ठेवलाच.

नवरा बोलायला लागला होता, पण कामापुरतं. "मीठ दे," "ठकीची वही बघ," असं. तिच्याही मनात काही कमी नव्हतं. कधीतरी तिला वाटायचं, तुम्ही तरी मला विचारलंत का अर्ज करण्याआधी? माझं बाळ गेलं तेव्हा माझ्याशी बोलला असतात, तर मी बाहेर ऐकणारं माणूस शोधलं असतं का? पण ते बोलायला तोंड उघडायचं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर ठकीला खोकला झाला. औषधाच्या दुकानात रांग होती, आणि पुढून तिसरी उभी असलेली उंच, किडकिडीत पाठ तिनं ओळखली. परत फिरावं तर औषध हवं होतं. मावशी औषध घेऊन वळली आणि दोघी समोरासमोर आल्या. मावशी वाळली होती. दुकानातही ती सायकलची टोपी घालूनच उभी होती.

"ठकी बरी आहे ना?" मावशीनं विचारलं.

"खोकला आहे थोडा. बाकी बरी आहे."

"आणि घर? नवीन घर कसं आहे?"

"बरं आहे."

"हातात काम आहे का?"

"आहे. बरं चाललंय."

ती आणखी काही बोलते का, ते मावशीनं बघितलं, मग "सांभाळून राहा गं," म्हणाली आणि गेली. बाइंडरीण औषध घेऊन रस्त्यावर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. केवढं सांगायचं होतं! गॅरेजवाल्याची बायको अंगठाछाप, तिला ती अक्षरं शिकवत होती, ते सांगायचं होतं. ठकी वर्गात पहिली आली होती. सासू फोनवर आता तिलाच आधी बोलावते. दांडकेकाकाची वही उघडली तर त्यात गावांच्या नावांशेजारी त्यानं पक्ष्यांची चित्रं काढलेली निघाली, हे तर सांगण्यासारखंच होतं. आणि या अख्ख्या शहरात ते ऐकून खदखदून हसलं असतं असं एकच माणूस होतं, ते आता सायकलवर बसून कोपऱ्यावरून वळत होतं. तिला राग आला, रडू आलं, आणि कशाचा राग हे तिला धड कळेना.

घरी आली तेव्हा नवरा ओट्यापाशी भाजी चिरत होता. "एवढा उशीर?" त्यानं विचारलं.

"त्या भेटल्या," ती म्हणाली. "औषधाच्या दुकानात."

त्यानं सुरी बाजूला ठेवली. तिला वाटलं, आता पुन्हा गप्प होणार. पण त्यानं हात पुसले, स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं आणि स्वतः ओट्याला टेकून उभा राहिला.

"काय म्हणाल्या?" तो म्हणाला.

"काही नाही. पण मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या फाइलमध्ये काय लिहिलं होतं, ते मी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही."

"सांग."

ती बसली. कुठून सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून तिनं बाळापासून सुरुवात केली.